हुकूम मोडणाऱ्या कॉन्सलचा सन्मान: सोझा मेंडिस प्रकरण

मार्च २००७ मध्ये पोर्तुगालच्या सरकारी दूरचित्रवाणीने प्रेक्षकांचा कौल घेतला: आजवरचा सर्वांत थोर पोर्तुगीज कोण? पहिला आला आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार, ४१ टक्के मतं घेऊन. दुसरा त्याचा हाडवैरी, कम्युनिस्ट नेता आल्व्हारो कुन्याल, १९.१ टक्के. तिसरे आले आरिस्तिदेस द सोझा मेंडिस, १३ टक्के. ते बोर्दो या फ्रेंच शहरातले पोर्तुगालचे कॉन्सल, म्हणजे व्हिसा वगैरे देणारे सरकारी प्रतिनिधी. १९४० साली फ्रान्समध्ये अडकलेल्या ज्यू आणि इतर निर्वासितांना त्यांनी बंदी झुगारून व्हिसा दिले आणि त्याबद्दल सालाझारने त्यांची नोकरी संपवली. एका देशाने हुकूमशहाला पहिला नंबर दिला आणि त्याचा हुकूम न जुमानणाऱ्या कारकुनी पेशाच्या माणसाला तिसरा.

अशा टेलिफोनवरच्या कौलांवर फार भिस्त ठेवू नये हे खरं. संघटित मतदार फोन करतात, बाकीचे झोपतात. पण या निकालात जी गाठ दिसते ती खोटी नाही. ज्या अधिकाऱ्याला सरकारनेच रीतसर चौकशी करून दोषी ठरवलं, त्याचा सन्मान त्याच सरकारी यंत्रणेने पुढे कसा करायचा? पुतळा उभारला की झालं? की निकाल फिरवावा लागतो? आणि निकाल फिरवायचा तर, मूळ हुकूम चुकीचा होता असं कुणाच्या तरी सहीने लिहावं लागतं. पोर्तुगालला ते लिहायला जवळजवळ अर्धशतक लागलं. हे प्रकरण त्या अर्धशतकाचं आहे.

सालाझार हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. गोवामुक्तीच्या लढ्यात जो तुरुंग, जी शिपाईगिरी आणि जी सेन्सॉरशिप आपल्या माणसांनी सोसली, ती त्याच राजवटीची. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयासमोर उभं करून पेनिशच्या किल्ल्यात धाडलं गेलं, मोहन रानडे १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यामुळे लिस्बनच्या परराष्ट्र खात्यात १९४० मध्ये काय वारं वाहत होतं, हे समजायला आपल्याला फार कष्ट पडू नयेत.

कॉन्सलसाहेब

सोझा मेंडिस बंडखोर नव्हते, ही गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. १९ जुलै १८८५ रोजी व्हिझेउजवळच्या काबानास द व्हिरियातो या गावी, एका न्यायाधीशाच्या खानदानी घरात जुळ्यांपैकी एक म्हणून त्यांचा जन्म झाला. दुसरा जुळा भाऊ सेझार. दोघेही कोइंब्रा विद्यापीठातून कायदा शिकून १९०७ मध्ये बाहेर पडले, दोघेही परराष्ट्र खात्यात गेले. सेझार १९३२ मध्ये सालाझारच्या मंत्रिमंडळात काही काळ परराष्ट्रमंत्रीही होते. म्हणजे घर राजवटीच्या विरोधातलं नव्हे, तिच्या ओसरीवरचं. कट्टर कॅथलिक, राजेशाहीला मानणारं.

आरिस्तिदेस यांच्या नेमणुका ब्रिटिश गयाना, झांझिबार, ब्राझील, सॅन फ्रान्सिस्को अशा झाल्या, मग १९२९ पासून जवळजवळ दशकभर अँटवर्प. चुलतबहीण आंजेलिनाशी लग्न, चौदा मुलं. एवढा गोतावळा एका मोटारीत मावेना म्हणून त्यांनी खास गाडी बांधून घेतली होती. खर्चाचा हात सैल, हिशेबाचा त्याहून सैल. वरिष्ठांशी खटके उडत, आणि सेवापुस्तिकेत त्याआधीही शेरे होते. १९३८ मध्ये ते बोर्दोला कॉन्सल जनरल म्हणून आले तेव्हा वय ५३, आणि बहुधा हीच शेवटची मोठी नेमणूक असं त्यांनाही वाटत असणार.

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. पुढे त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी त्यांना संत केलं आणि विरोधकांनी हीच सेवापुस्तिका बाहेर काढून दाखवली. आंद्रे सिबियाल या फ्रेंच स्त्रीशी त्यांचे विवाहबाह्य संबंध होते आणि १९४० च्या त्या उन्हाळ्यात ती गरोदर होती, हेही मग चघळलं गेलं. जणू काही नीट हिशेब न ठेवणाऱ्या आणि घरात गुंता असणाऱ्या माणसाने दिलेला व्हिसा सरहद्दीवर चालत नाही.

परिपत्रक क्रमांक १४

११ नोव्हेंबर १९३९ रोजी लिस्बनहून सगळ्या वकिलातींना परिपत्रक क्रमांक १४ गेलं. काही प्रकारच्या लोकांना परराष्ट्र खात्याची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय व्हिसा द्यायचा नाही, असं त्यात होतं. कोण हे लोक? ज्यांचं राष्ट्रीयत्व अनिश्चित किंवा वादग्रस्त आहे ते, राष्ट्रहीन, रशियन, नानसेन पासपोर्ट (देश गमावलेल्या निर्वासितांसाठीचा आंतरराष्ट्रीय प्रवासदाखला) बाळगणारे, आणि आपल्या मूळ देशातून हाकलले गेलेले ज्यू. परराष्ट्र खातं तेव्हा सालाझारने स्वतःकडेच ठेवलं होतं, १९३६ ते १९४७.

कागदावर ही सरसकट बंदी नव्हती. 'आधी विचारा' एवढंच म्हटलं होतं. सरकारी कामकाज ज्याने जवळून पाहिलंय त्याला 'आधी विचारा' म्हणजे काय ते ठाऊक असतं. तार जाते, उत्तर येत नाही, आलं तर नकाराचं येतं. आणि दरम्यान अर्जदार जिवंत राहिलाच तर पुढचं पाहू. पोर्तुगाल तटस्थ होता, लिस्बन हे युरोपातून अटलांटिकपार जाण्याचं जवळजवळ शेवटचं मोकळं बंदर होतं, आणि सरकारला धास्ती होती की पुढे कुठेच न घेतलेली माणसं आपल्याच गळ्यात पडतील. ही भीती सालाझारची एकट्याची नव्हती, त्या काळी बहुतेक देशांची होती. फरक इतकाच की पोर्तुगालच्या परिपत्रकात ज्यूंचं नाव घेतलं होतं.

सोझा मेंडिस यांनी त्याच महिन्यात व्हिएन्नाचे ज्यू इतिहासकार आर्नोल्ड विझ्निट्झर यांना परवानगीशिवाय व्हिसा दिला. काही महिन्यांनी स्पेनमधले प्रजासत्ताकवादी डॉक्टर एदुआर्दो नेइरा लापोर्ते यांनाही दिला. दोन्ही वेळा कानउघाडणी झाली, पुन्हा असं केलंत तर कारवाई होईल अशी ताकीद मिळाली. म्हणजे जून १९४० मध्ये त्यांनी जे केलं ते नियम माहीत नसल्यामुळे झालं, असं कुणालाच म्हणता येत नाही. त्यांनाही नाही.

बोर्दो, जून १९४०

१० मे रोजी जर्मन फौजा पश्चिमेकडे घुसल्या. १४ जूनला पॅरिस पडलं. फ्रेंच सरकार बोर्दोला आलं आणि त्याच्या मागे, पुढे, आजूबाजूला लाखो माणसं. के लुई अठरावा या नदीकाठच्या रस्त्यावर, १४ क्रमांकाच्या इमारतीत पोर्तुगालची वकिलात होती. कॉन्सलचं कुटुंबही तिथेच राहायचं. जिन्यावर, दारात, फुटपाथवर माणसं बसून होती. रांगेतली जागा जाईल म्हणून कुणी उठायला तयार नव्हतं.

या गर्दीत हायम क्रुगर नावाचे एक पोलिश रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होते. ब्रसेल्सहून बायको आणि पाच मुलांसह पळून आलेले. सोझा मेंडिस यांनी त्यांना आपल्या घरी आणलं, त्यांच्यासाठी लिस्बनला विचारणा केली आणि लिस्बनने नकार कळवला. तरीही, तुम्हाला आणि कुटुंबाला मी व्हिसा देतो, असं सोझा मेंडिस म्हणाले. क्रुगर म्हणाले, एकट्याला नको. बाहेर माझ्यासारखे हजारो ज्यू बसलेत.

यानंतर कॉन्सलसाहेबांनी अंथरूण धरलं. १४ ते १६ जून ते खोलीतून बाहेर आले नाहीत. कुटुंबीयांच्या आठवणींत घाम, तळमळ, कण्हणं आहे. या तीन दिवसांवर चरित्रकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत आणि गूढाची फोडणी भरपूर घातली आहे. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: निर्णय उत्स्फूर्त नव्हता. चौदा मुलांचा बाप, दोनदा ताकीद मिळालेला, डोक्यावर कर्ज असलेला अधिकारी काय गमावणार याचा हिशेब करायला तीन दिवस पुरेसे असतात. १७ जूनला ते दार उघडून बाहेर आले आणि राष्ट्रीयत्व, वंश, धर्म न बघता मागेल त्याला व्हिसा मिळेल, असं त्यांनी जाहीर केलं.

मग कामाची साखळी लागली. क्रुगर रस्त्यावरून पासपोर्टांचे गठ्ठे गोळा करून आणत. मुलं पेद्रो नुनो आणि जोझे आंतोनियो मदतीला. सचिव जोझे सियाब्रा शिक्के मारायचे. त्यांना हे सगळं पटत नव्हतं, पण हात चालू होता. फी घेणं बंद झालं. लांबलचक सही करायला वेळ जातो म्हणून कॉन्सल नुसतं 'मेंडिस' लिहू लागले. नोंदवहीप्रमाणे १७ तारखेला २४७ आणि १८ तारखेला २१६ व्हिसा निघाले. ऑस्ट्रियाचा ओटो फॉन हाब्सबुर्ग आणि त्याचं घराणं, लक्झेंबर्गची ग्रँड डचेस शार्लोट, असे बडे लोक यात होते, आणि ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत असे शिंपी, हिऱ्यांचे कारागीर, विधवाही होत्या.

तूलूझच्या मानद उपकॉन्सलला त्यांनी फोनवरून व्हिसा द्यायला सांगितलं. २० जूनच्या सुमारास ते स्वतः बायोनला गेले. तिथला कॉन्सल परिपत्रकाप्रमाणे अर्जदारांना परत पाठवत होता. सोझा मेंडिस यांनी त्याला विचारलं की मी तुझा वरिष्ठ आहे ना, आणि शिक्का हातात घेतला. पुढे आंदाय, अगदी स्पेनच्या सरहद्दीवर. २२ जूनला फ्रान्सने शस्त्रसंधी केला. तोपर्यंत लिस्बनला वार्ता पोहोचल्या होत्या. स्पेनमधला पोर्तुगीज राजदूत पेद्रो तियोतोनियो परेरा सरहद्दीवर धावत आला, हा माणूस भ्रमिष्ट झालाय असं त्याने जाहीर केलं आणि बोर्दोचे व्हिसा रद्द समजावेत असं स्पॅनिश अधिकाऱ्यांना सांगितलं. सोझा मेंडिस यांचा व्हिसा देण्याचा अधिकार काढून घेण्यात आला, परत बोलावण्याची तार आली. त्यांनी शेवटच्या घोळक्याला टेलिफोन नसलेल्या एका लहान नाक्यावरून पलीकडे नेलं, ही कथा कुटुंबात सांगितली जाते. ८ जुलैला ते पोर्तुगालमध्ये होते.

चौकशी

शिस्तभंगाची चौकशी हा या प्रकरणाचा गाभा आहे, कारण पुढचा प्रत्येक सन्मान त्या निकालाला येऊन अडखळतो.

आरोप सोपे होते: परिपत्रकाचा भंग, परवानगीशिवाय व्हिसा, दुसऱ्या कॉन्सलच्या हद्दीत ढवळाढवळ, देशाची नाचक्की. एक कागद ब्रिटिश वकिलातीचाही होता. बोर्दोचा कॉन्सल व्हिसाचं काम कचेरीच्या वेळेनंतर करतो आणि जादा फी घेतो, एका प्रकरणात धर्मादाय निधीला पैसेही मागितले, अशी ती तक्रार. जीव वाचवण्याच्या धामधुमीत वेळापत्रकाबद्दल तक्रार करणारी ही चिठ्ठी आज वाचताना हसू येतं. पण चौकशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती सोन्यासारखी होती. हुकूम मोडल्याच्या नैतिक प्रश्नापेक्षा जादा फीचा प्रश्न हाताळायला किती सोपा!

१२ ऑगस्टला सोझा मेंडिस यांनी लेखी उत्तर दिलं. त्यात त्यांनी काही लपवलं नाही. त्या लोकांचे हाल सांगण्यापलीकडचे होते, आपला हेतू त्यांना वाचवण्याचा होता, आणि यात पोर्तुगालच्या आदरातिथ्याचं नावच राखलं गेलं, असा त्यांचा युक्तिवाद. राजनैतिक भाषेत लिहिलेलं हे उत्तर माफीनामा नाही. शिस्त समितीने त्यांना खालच्या श्रेणीत उतरवण्याची शिफारस केली. सालाझारला ती पुरेशी वाटली नाही. ३० ऑक्टोबर १९४० रोजी त्याने स्वतः शिक्षा ठरवली: एक वर्ष अर्ध्या पगारावर कामाविना, त्यानंतर सक्तीची निवृत्ती.

यापुढची कहाणी घसरणीची आहे. वकिलीची सनद असून काम नाही, मुलांना शिक्षण-नोकऱ्या मिळणं अवघड. काहीजण अमेरिकेला आणि कॅनडाला गेले. कॅलिफोर्नियात जन्मलेली दोन मुलं तर अमेरिकन सैन्यातून युरोपात लढली. लिस्बनच्या ज्यू समाजाने या कुटुंबाला हात दिला. समाजाच्या अन्नछत्रात, जिथे निर्वासित जेवत, तिथे सोझा मेंडिस यांचं कुटुंबही जेवू लागलं. १९४५ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. युद्ध संपल्यावर निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून त्यांनी अर्ज केला. काही झालं नाही. १९४८ मध्ये आंजेलिना गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी आंद्रेशी लग्न केलं. ३ एप्रिल १९५४ रोजी लिस्बनमधल्या फ्रान्सिस्कन इस्पितळात ते वारले, आणि धड कपडे नव्हते म्हणून साधूच्या झग्यात पुरले गेले, असं सांगतात. काबानासचं वडिलोपार्जित घर, 'काझा दु पासाल', कर्जापायी गेलं.

इथे एक काटा आहे, तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. सालाझारच्या बाजूचे लेखक दाखवून देतात की सक्तीची निवृत्ती प्रत्यक्षात अमलातच आली नाही आणि त्यांना मरेपर्यंत दरमहा सुमारे दीड हजार एस्कुदो मिळत राहिले. त्यांचं म्हणणं असं की 'उपासमार' ही अतिशयोक्ती आहे. असेलही. मोठा गोतावळा, जुनी कर्जं आणि सैल हात यांचाही वाटा त्या दैन्यात होता. पण पगाराची पावती दाखवून शिक्षेचं अस्तित्व नाकारता येत नाही. पन्नाशीतल्या कॉन्सल जनरलला पुन्हा कधी नेमणूक मिळू नये, ही शिक्षा होती, आणि ती पुरेपूर भोगली गेली.

राजवटीचा दुटप्पीपणा दाखवायला बुडापेस्ट पुरे. १९४४ मध्ये कार्लुश सांपायो गारिदु आणि मग आल्बेर्तु तेशेइरा ब्रँकिन्यु या पोर्तुगीज मुत्सद्द्यांनी तिथे सुमारे हजार ज्यूंना पोर्तुगालच्या संरक्षणाचे कागद दिले, आणि याला लिस्बनची मर्यादित का होईना, संमती होती. युद्धाचं पारडं कुठे झुकलंय हे तेव्हा दिसत होतं. त्यानंतर तरी १९४० चं प्रकरण उघडायला हरकत नव्हती. उलट युद्धानंतर निर्वासितांना थारा देणारा दयाळू देश म्हणून पोर्तुगालचं जे कौतुक झालं, ते राजवटीने स्वतःच्या खात्यावर जमा केलं.

बाहेरून आत

पहिला सन्मान परदेशातून आला, आणि तोही मुलांनी पाठपुरावा केल्यामुळे. मुलगी जोआना हिने इस्रायलला पत्रं लिहिली. तिथे त्यांच्या नावाने झाडं लावली गेली. १८ ऑक्टोबर १९६६ रोजी जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेने त्यांना 'राष्ट्रांमधील सत्पुरुष' ठरवलं. आपला जीव किंवा जगणं पणाला लावून ज्यूंना वाचवणाऱ्या बिगरज्यूंना दिली जाणारी ही पदवी. पोर्तुगालच्या वर्तमानपत्रांत तिचा गाजावाजा होणं शक्य नव्हतं. सालाझार अजून सत्तेवर होता.

२५ एप्रिल १९७४ ला राजवट कोसळली. आता तरी? नव्या सरकारच्या परराष्ट्र खात्याने नुनो द बेसा लोपेश या अधिकाऱ्याला फाईल तपासायला सांगितलं. १९७६ मधल्या त्याच्या अहवालात, या माणसावर अन्याय झाला आणि तो दूर व्हायला हवा, असं स्पष्ट लिहिलं होतं. तो अहवाल दहा-बारा वर्षं बासनात राहिला.

का राहिला, याचं उत्तर मला गोव्यात सापडतं. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वाला तार केली होती की एकतर जिंका नाहीतर मरा, शरणागती नको. व्हासालोने ते ऐकलं नाही. भारतीय फौजेपुढे तो शरण आला, आणि त्यामुळे हजारो पोर्तुगीज सैनिक आणि पणजी शहर वाचलं. मायदेशी परतल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं गेलं. हुकूम तोच, हुकूम देणारा तोच, अपराध त्याच जातीचा. पण १९७४ ची क्रांती होताच व्हासालोची पदं परत मिळाली. ज्यांनी क्रांती केली ते लष्करी अधिकारी होते. वसाहतींतल्या निरर्थक युद्धांत मरायचा हुकूम म्हणजे काय हे त्यांना अंगावर ठाऊक होतं. सेनापतीला माफ करताना त्यांनी स्वतःलाच बरोबर ठरवलं.

परराष्ट्र खात्यात तसं काही घडलं नव्हतं. तिथली कचेरी, तिथली शिस्त, आणि परिपत्रकाप्रमाणे वागून बढत्या मिळवलेली माणसं तीच होती. सोझा मेंडिस बरोबर ठरले की बायोनमध्ये अर्जदारांना परत पाठवणारा कॉन्सल काय ठरतो? हा प्रश्न कुणी विचारायला नको, म्हणून अहवाल बासनात. हे माझं अनुमान आहे, पण बारा वर्षांच्या विलंबाला निव्वळ आळस हे कारण पटत नाही.

मग पुन्हा बाहेरूनच रेटा आला. अमेरिकेतल्या कुटुंबीयांनी आणि पोर्तुगीज वंशाच्या लोकांनी सह्या गोळा केल्या, अमेरिकन काँग्रेसने दखल घेतली. १९८७ मध्ये अध्यक्ष मारियो सुआरेश यांनी मरणोत्तर 'ऑर्डर ऑफ लिबर्टी' दिली. आणि १८ मार्च १९८८ रोजी पोर्तुगालच्या संसदेने एकमताने सगळे आरोप रद्द करून त्यांना राजनैतिक सेवेत परत घेतलं. शिक्षेला तोपर्यंत ४७ वर्षं झाली होती, मृत्यूला ३४.

सगळ्या सन्मानांत हा एकच मला खरा निर्णायक वाटतो. बाकीचे पदक, पुतळा, तिकीट हे माणसाच्या चांगुलपणाबद्दल आहेत. संसदेचा ठराव त्याच्या अवज्ञेबद्दल आहे. चांगुलपणाला सलाम करायला कुठल्याही सरकारला काहीच किंमत मोजावी लागत नाही. इतर देशांचा अनुभवही हाच आहे. सेंट गालनचा स्विस पोलीस अधिकारी पाउल ग्रुनिंगर, ज्याने १९३८ मध्ये ज्यूंना सरहद्द ओलांडू दिली, त्याला याद वाशेमने १९७१ मध्ये गौरवलं. स्विस न्यायालयाने शिक्षा रद्द केली १९९५ मध्ये, तो मरून २३ वर्षं झाल्यावर. जपानच्या चिउने सुगिहाराला याद वाशेमने १९८४ मध्ये गौरवलं. जपानी परराष्ट्रमंत्र्याने उघडपणे चूक मान्य केली ती २००० मध्ये.

तीस हजार

आता आकड्याकडे. जवळजवळ प्रत्येक फलकावर, प्रत्येक भाषणात येतं: तीस हजार व्हिसा, त्यात दहा हजार ज्यू. इतकी गोल संख्या ऐकली की कान टवकारावेत. याद वाशेमचेच इतिहासकार अव्राहाम मिल्ग्राम यांनी बोर्दोच्या नोंदवह्या तपासल्या. १ जानेवारी ते २२ जून १९४० या काळात तिथे २,८६२ व्हिसा नोंदले आहेत, त्यातले १,५७५ हे ११ ते २२ जूनमधले. बायोन आणि आंदायचे वेगळे, काही नोंदवायचे राहिले असतील, एका व्हिसावर अख्खं कुटुंबही जात असे. हे सगळं मिळवलं तरी तीस हजार व्हायला बरीच ओढाताण करावी लागते.

टीकाकारांनी हे धरून सगळंच खोटं ठरवायचा प्रयत्न केला, आणि चाहत्यांनी मिल्ग्रामवरच राग काढला. दोघांचीही चूक एकच: संख्या कमी झाली की कृत्य लहान होतं, असं दोघांनी मानलं. मिल्ग्राम यांनी तसं काही म्हटलेलं नाही. शिक्षेच्या वेळी सालाझारनेही व्हिसे मोजले नव्हते. सन्मान करणाऱ्यांनीच मोठा आकडा धरून ठेवला आणि विरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिलं. भाषणात 'हजारो' म्हणावं, शाळेतल्या पुस्तकात नोंदवहीचा आकडा द्यावा, आणि पुढे जावं.

पँथिऑन, घर, याद्या

१९८८ नंतर सन्मानांची रांग लागली. १९९४ मध्ये बोर्दोला सुआरेश यांनी अर्धपुतळ्याचं अनावरण केलं, वकिलातीच्या जुन्या इमारतीवर फलक लागला. पोर्तुगालमध्ये टपाल तिकीट निघालं. १९९८ मध्ये स्ट्रासबुर्गला युरोपियन संसदेत गौरव झाला. २०१७ मध्ये स्पेनकडून येणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या व्हिलार फोर्मोझो स्टेशनात, जिथे बरेच निर्वासित पोर्तुगालमध्ये पहिलं पाऊल ठेवत, त्या जागी संग्रहालय उघडलं. १७ जून २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या निमित्ताने सद्सद्विवेकाच्या दिवसाचा उल्लेख केला.

९ जून २०२० ला संसदेने त्यांना राष्ट्रीय पँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मृतिस्थळात, स्थान द्यायचं ठरवलं, आणि १९ ऑक्टोबर २०२१ रोजी हे पँथिऑन जिथे आहे त्या लिस्बनच्या सांता एंग्रासिया चर्चमध्ये समारंभ झाला. तिथे फक्त स्मृतिशिला आहे. अस्थी काबानासच्या स्मशानातच राहू दिल्या. गावाकडच्या लोकांच्या दृष्टीने हे उत्तम झालं. त्यांच्याकडे पाहुण्यांना दाखवण्यासारखं घर होतं, पण पडीक. पिढ्यानपिढ्या पावसाने छपरं गळत होती, जिने कोसळले होते. सरकारने वारसांना दिलेल्या भरपाईतून एका प्रतिष्ठानाने ते विकत घेतलं, २०११ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९ जुलै २०२४ रोजी, वाढदिवशी, तिथे संग्रहालय सुरू झालं. वारसांनी भरपाई वाटून घेतली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

पण माझ्या मते सर्वांत उपयोगाचं काम वेगळ्याच ठिकाणी चालू आहे. अमेरिकेत २०१० मध्ये स्थापन झालेलं सोझा मेंडिस फाउंडेशन व्हिसा मिळालेल्या कुटुंबांची एकेक करून ओळख पटवतं. नोंदवहीतलं नाव, जहाजाची प्रवासीयादी, आणि नातवंडांच्या ट्रंकेत सापडलेला पासपोर्ट, त्यावरचा बोर्दोचा शिक्का, त्याखाली घाईत केलेली 'मेंडिस' ही सही. असे कागद जुळवून कुटुंबामागून कुटुंब यादीत चढतं. अनेकांना आपण कुणाच्या सहीने वाचलो हे त्यातूनच पहिल्यांदा कळतं, कारण आजी-आजोबांना कॉन्सलचं नावही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तो रांगेच्या शेवटचा एक शिक्का होता. या कामाला मी अर्धपुतळ्याच्या कितीतरी वर ठेवीन. तीस हजार की तीन हजार हा वाद भाषणांनी मिटणार नाही, या यादीने मिटेल, आणि तिथे आलेली संख्या काहीही असो, तिच्यातल्या प्रत्येकाला नाव असेल.